पिसोरीच्या मागचं रान

पहिल्या रोलचे छत्तीस फोटो स्टुडिओवाल्या भाऊंनी काउंटरच्या काचेवर पत्त्यांसारखे मांडले, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कॉम्रेड, पानं छान आलीत."

"भाऊ, पिसोरी बघा ना."

"कुठंय?"

मी एका फोटोवर बोट ठेवलं. भाऊंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, फोटो ट्यूबलाइटखाली नेला, तिरपा केला, सरळ केला. "हे ऊन आहे," ते म्हणाले.

"त्याच्या खालचं."

"ते पण ऊन आहे."

मी खिशातलं लाल बॉलपेन काढलं आणि फोटोवर गोल काढला. गोलाच्या आत एक डोळा होता, कानाचं टोक होतं, पेन्सिलीएवढा पाय होता. बाकीचं अंग पांढऱ्या ठिपक्यांचं. ते ठिपके तिच्या पाठीवरचे की पानांतून पडलेल्या कवडशांचे, ते मलाही शपथेवर सांगता आलं नसतं. पण मी तिथं होते. मी तिला चालताना पाहिलं होतं. भाऊ तिथं नव्हते, आणि ज्या साहेबांना हा फोटो दाखवायचा होता तेही तिथं नव्हते.

पिसोरी म्हणजे सशाएवढं हरीण. शिंगं नाहीत, आवाज नाही, दिवसा सहसा बाहेर पडत नाही. पेठच्या बाजूला, फाट्यावर एसटीतून उतरून दीड तास चढलं की एक पाडा लागतो. त्या पाड्याच्या वर देवाचं राखलेलं रान होतं, आणि त्या रानात ती होती. पलीकडच्या डोंगरावर खडीची खाण मंजूर झाली होती, आणि खाणीचा रस्ता नकाशावर त्या रानाच्या मधून काढला होता. पाड्यातल्या लोकांनी अर्ज दिला होता की आमचा देव तिथं आहे, आणि रानाखालच्या झिऱ्याचं पाणी आम्ही चैत्र-वैशाखात पितो, दुसरं पाणी आम्हाला नाही. उत्तर आलं की सदर जागा कागदोपत्री पडीक आहे, देवस्थानाची नोंद नाही आणि झरा हंगामी आहे. पहिल्या सुनावणीला आमच्या संघटनेच्या वकिलांनी शेवटचा मुद्दा म्हणून पिसोरीचं नाव काढलं, तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. या भागात तिची नोंद नाही, असेल तर फोटो आणा, मला काम थांबवून चौकशी लावावी लागेल, असं म्हणाले. पुढची तारीख महिन्याभरानंतरची होती.

माणसं तहानलेली राहतील हे पुरेसं नव्हतं, आणि सशाएवढं जनावर पुरेसं होतं. याचा मला इतका राग आला होता की त्या रात्रीच मी त्यावर पत्रक लिहून काढलं. वकिलांनी ते छापू दिलं नाही. म्हणाले, राग नंतर, आधी फोटो.

फोटो माझ्याकडे आला कारण संघटनेचा कॅमेरा माझ्याकडे असायचा. जुना, दुसऱ्या हाताचा, वर एक लांब लेन्स. त्यानं मी आठ-दहा मोर्चांचे फोटो काढले होते. मोर्चाचा फोटो सोपा असतो. डोक्यावर ऊन असतं, बॅनरवर अक्षरं मोठी असतात, आणि मोर्चातल्या प्रत्येकाला दिसायचंच असतं. जिला दिसायचंच नाही तिचा फोटो मी कधी काढला नव्हता.

आमचं घर नाशिकला, सातपूरच्या कामगार वसाहतीत. वडील एका इंजिनिअरिंग कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं आमच्या घरात तयार व्हायची. मजकुराचे तुकडे कात्रीनं कापून पांढऱ्या कागदावर चिकटवायचे, मग तो कागद छापखान्यात जायचा. शाळेच्या पुस्तकाआधी मी पत्रकं वाचायला शिकले. वडिलांचा एक नियम होता: एका पत्रकात एकच मागणी, आणि तिच्या भोवती मोकळी जागा. मला गर्दी करून लिहायची सवय होती. ते माझा मजकूर कापून टाकायचे आणि म्हणायचे, "मागणीच्या शेजारी काही ठेवू नकोस. वाचणारा सायकलवर असतो." नव्वद सालानंतर तो कारखाना बंद झाला, युनियन दोन खोल्यांतून एका खोलीत आली, पण तो नियम माझ्या हाडात बसला होता. तोपर्यंत माझं वय तेवीस झालं होतं, आणि जगात जे खरं आहे ते स्पष्ट मांडलं की दिसतंच, असं मला वाटायचं.

पहिल्यांदा गेले तेव्हा पाड्यातल्या ज्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे उतरले त्यांना सगळे बाबा म्हणत. देवाच्या रानाची राखण त्यांच्या घराकडे होती. राखण म्हणजे काठी घेऊन उभं राहणं नव्हे. रानात काय चालतं आणि काय चालत नाही हे ज्यानं लक्षात ठेवायचं, तो राखणदार. त्यांच्या बायकोनं मला नागलीची भाकर आणि मिरचीचा ठेचा वाढला आणि विचारलं, "लगीन झालं?"

"नाही मावशी."

"मग बरंय. नायतर नवऱ्यानं सोडलं नसतं हरणामागं फिराया."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बाबा मला वर घेऊन गेले. रानाच्या हद्दीवर शेंदूर लावलेले चार दगड होते. बाबांनी चपला काढल्या, कमरेचा कोयता काढून दगडाशी ठेवला. रानात लोखंड न्यायचं नाही, असा त्यांचा नेम. मोडून पडलेली फांदीसुद्धा उचलायची नाही, ती तिथंच कुजायची. मीही चपला काढल्या. बाबांनी माझ्या गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं.

"हे लोखंड हाय का?"

"नाही बाबा. अॅल्युमिनियम आणि प्लास्टिक."

"आन् ह्या तीन टांगा?"

"ते पण अॅल्युमिनियम."

"मंग चालंल. देवाला लोखंडच नको हाय, बाकी त्याला काय ठावं नाय."

मी देव मानत नव्हते. अंधश्रद्धेवर माझी तीन पत्रकं निघाली होती. पण हा नेम मला आवडला, कारण त्यानं झाडं उभी राहिली होती. असे नेम मी मनात एका वेगळ्या कप्प्यात ठेवायचे: चुकीच्या कारणासाठी केलेलं बरोबर काम. माझ्या पिशवीत पत्रकं कापायची कात्री होती, ती नेहमीच असायची. मला ती त्या क्षणी आठवली नाही. आठवली असती तरी मी सांगितलं असतं का, हे आज खात्रीनं सांगता येत नाही.

आत गेल्यावर बाबांनी एक उंबर दाखवला. खाली पिकलेली फळं पडलेली. ती खायला ती येते, ऊन वर चढायच्या आत. आम्ही एका पडलेल्या खोडामागे बसलो. माझे पाय मुंग्यांनी चावून काढले. बाबा हललेसुद्धा नाहीत.

सूर्य डोंगरावर आला आणि रानात ऊन शिरलं. शिरलं म्हणजे काय, तर वर कुठंतरी पानांत हजार भोकं होती आणि प्रत्येक भोकातून एकेक नाणं खाली पडलं. जमिनीवर, वेलींवर, खोडांवर, वाळलेल्या पानांवर, सगळीकडे पांढरे ठिपके. त्यामधली सावली काळीकुट्ट. मी कॅमेऱ्यातून बघितलं आणि आतला उजेड मोजणारा काटा वेड्यासारखा वरखाली व्हायला लागला. ऊन मोजलं की सावली शाई होऊन जाणार, सावली मोजली की ऊन जळून पांढरं होणार. दोन्ही धरायचं तर मधली कुठलीतरी खोटी किंमत ठेवायची, आणि त्या किमतीत काहीच नीट येणार नाही. त्यात उजेड इतका कमी की शटर हळू ठेवावं लागत होतं, म्हणजे ती हलली की पुसून जाणार, आणि नाही हलली तर दिसणार नाही.

"आली," बाबा ओठ न हलवता म्हणाले.

"कुठं?"

"वारा न्हाय ना? मंग ऊन कसं हलतंय बघ."

मी वाऱ्याशिवाय हलणारं ऊन शोधायला लागले. उंबराच्या बुंध्याच्या डावीकडे चार-पाच ठिपके एका ओळीत पुढे सरकले आणि थांबले. ते थांबले की नाहीसे झाले. पुन्हा सरकले, तेव्हा त्यांच्या खाली चार पाय होते. तिनं एक फळ उचललं, मान वर केली आणि आमच्याकडे बघत चावत राहिली. मी बटण दाबलं. आतला आरसा खटकन वाजला, तसं तिनं मागचा पाय जमिनीवर आपटला, पण गेली नाही. तीन सकाळी मी तशी बसले आणि रोल संपवला. मला वाटत होतं माझ्या पिशवीत आता त्या पाड्याचं पाणी आहे.

आणि ते असं काउंटरवर पडलं होतं, पानं छान आलेली.

भाऊ द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या दुकानात वीस वर्षं लग्नाचे फोटो काढत होते. माझी चेष्टा करायचे, पण संघटनेचे रोल धुऊन द्यायचे उधार न म्हणता. त्यांनी एक फोटो बाजूला काढला आणि समजावून सांगायला लागले.

"हे बघ कॉम्रेड. तुझा फोकस बरोबर आहे. हात हललेला नाही. चूक मागं आहे. मागं बघ किती काय काय आहे. वेल, फांद्या, बुंधा, परत वेल. लग्नात नवरीच्या मागं मंडपाचा खांब आला तर आपण काय करतो?"

"नवरीला सरकवतो."

"आणि नवरी स्टेजवर बसली असेल, हलत नसेल तर?"

"तुम्ही सरकता."

"आणि मी पण सरकू शकत नसेन, मागं व्याही बसलेत, तर?"

"मग काय करता?"

"मग मागचं सरकवतो. खुर्च्या काढतो, पडदा लावतो, कोणाचा तरी काका उभा असेल त्याला जेवायला पाठवतो." ते हसले. "मागचं साफ झालं की नवरी आपोआप दिसते."

ते लग्नाबद्दल बोलत होते. ते मला हे कर असं सांगत नव्हते, हे मी पुढे कितीदा तरी त्यांना सांगितलं, कारण त्यांना त्याचं वाईट वाटत राहिलं. पण मला त्यांच्या तोंडून वडिलांचाच नियम ऐकू आला. मागणीच्या शेजारी काही ठेवू नकोस.

दुसऱ्यांदा पाड्यावर गेले तेव्हा सुनावणीला नऊ दिवस उरले होते. बाबा आणि पाड्यातली निम्मी माणसं भाच्याच्या लग्नाला दुसऱ्या पाड्यावर निघाली होती, तिथूनच ते तारखेला परस्पर नाशिकला येणार होते. निघताना बाबा म्हणाले, "तुला वाट ठावं हाय. एकटी जा. काय मोडू नको म्हंजी झालं."

"नाही बाबा."

हे मी म्हणाले तेव्हा माझ्या मनात काहीच नव्हतं. दुपारी खोडामागे बसले आणि कॅमेऱ्यातून उंबराकडे बघितलं तेव्हा आलं. उंबराच्या मागे करवंदीची जाळी होती, तिच्यावर वेली चढलेल्या, मध्ये कोवळी झाडं, कमरेएवढी, छातीएवढी. ती काढली तर मागे नुसता कातळ उरत होता, एकसारखा, करडा. त्या कातळापुढे पिसोरी पत्रकावरच्या ओळीसारखी दिसली असती. मी पिशवीत हात घातला आणि कात्री लागली.

मी स्वतःला सांगितलं की ही झाडं नाहीत, झुडपं आहेत, पावसाळ्यात परत येतील. मी सांगितलं की दहा-वीस फांद्यांनी रान वाचणार असेल तर रानाचीच हरकत नसेल. मी हेही सांगितलं की लोखंडाला घाबरणारा देव नाही, लोखंड वापरणारे आपण आहोत. हे शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की पुढच्या पत्रकात घालायचं ठरवून मी कापायला लागले. कात्री लहान होती. जाड फांदीला तिनं दाबून दाबून कुरतडावं लागत होतं, मग पिळून मोडायचं. ऊन उतरेपर्यंत माझे हात करवंदीच्या काट्यांनी फाटले. कापलेलं सगळं मी उचलून खडकांच्या घळीत नेऊन टाकलं, दिसू नये म्हणून. तेव्हा मला कळायला हवं होतं. जे बरोबर वाटतं ते माणूस घळीत लपवत नाही.

दुसऱ्या सकाळी ऊन आलं तेव्हा ठिपके नव्हतेच. जिथं वेलींनी त्याचे तुकडे केले होते तिथं आता एकच पांढरं फडकं पसरलं होतं, आणि त्यात उंबराची फळं उघडी पडली होती. मी वाट बघितली. एक रानकोंबडा आला, कडेनंच परत गेला. पिसोरी आली नाही. त्याच्या पुढच्या सकाळीही नाही. मागचं साफ होतं, कॅमेऱ्यातला काटा शहाण्यासारखा मधोमध उभा होता, आणि पुढे कोणी नव्हतं. जे तिचं घर होतं तेच मी तिच्या भोवतालून काढून टाकलं होतं. ती गर्दी तिची अडचण नव्हती, तिचं अंगच होतं ते.

मग मी काय केलं? रोल वाया जाऊ नये म्हणून त्या जागेचाच एक फोटो काढला. 'पुराव्याची जागा' असं त्याच्या मागे लिहिलं, तारीख घातली. पत्रकावर तारीख नसेल तर वडील ते छापायला देत नसत.

सुनावणी एका लांबट खोलीत होती. पंखा जोरात फिरत होता म्हणून टेबलावरच्या प्रत्येक कागदावर काहीतरी वजन ठेवलेलं. साहेब उद्धट नव्हते. त्यांनी बाबांना बसायला खुर्ची दिली, आम्हाला चहा मागवला. बाबा लग्नाचा नवा सदरा घालून आले होते. त्यांनी मला बघून मान हलवली, म्हणजे झालं ना काम, असं.

मी पहिल्या रोलमधले चार मोठे करून घेतलेले फोटो पुढे ठेवले, आणि पाचवा 'पुराव्याची जागा'. मोठे केल्यामुळे पहिल्या चारांवर रव्यासारखे दाणे आले होते. लाल गोल मात्र ठळक होते. साहेबांनी खणातून भिंग काढलं. मनापासून बघितलं, हे मी सांगितलंच पाहिजे.

"असेलही," ते म्हणाले. "मला दिसत नाही." मग चहा घेऊन आलेल्या शिपायाला म्हणाले, "तू गावाकडचा ना? बघ बरं काय आहे."

शिपायानं वाकून बघितलं. "मांजर हाय का साहेब?"

"मांजर नाही," मी म्हणाले. "हा डोळा. हा पाय. इथून पाठ सुरू होते."

"म्हंजी ससा," शिपाई म्हणाला, माझं समाधान व्हावं म्हणून.

मग साहेबांनी पाचवा फोटो उचलला. तो बघायला त्यांना भिंग लागलं नाही. त्यांनी तो पहिल्या फोटोशेजारी ठेवला आणि दोन्हीतल्या उंबराच्या बुंध्यावरच्या एकाच गाठीवर दोन बोटं ठेवली.

"जागा एकच आहे?"

"हो," मी म्हणाले. अभिमानानं म्हणाले. जागा ओळखता येते याचा मला अभिमान वाटला.

त्यांनी दोन्ही फोटो उलटे केले, तारखा वाचल्या, पुन्हा सुलटे केले. "पंधरा दिवसांत एवढी तोड? आणि अर्जात लिहिलंय की इथं काडीसुद्धा मोडत नाहीत." त्यांनी फोटो बाबांपुढे सरकवला. "आजोबा, हे कोणी केलं?"

"आमच्या रानात कोण न्हाय तोडत, साहेब."

"मग हे काय आहे?"

बाबांनी फोटो हातात घेतला. त्यांना उंबर ओळखायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो त्याच्या मागचं बघायला. कापलेल्या बुडख्यांची टोकं उन्हात पांढरी चमकत होती, काळ्या जमिनीवर, अगदी स्पष्ट. इतका स्पष्ट फोटो मी त्याआधी कधीच काढला नव्हता.

"मी तोडलं," मी म्हणाले.

वकिलांनी माझ्याकडे बघितलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि समजूतदारपणे हसले. "बाई, तुमची तळमळ समजते मला. पण त्यांना वाचवण्यासाठी असं अंगावर घेऊ नका."

"मी खरंच तोडलं. मागचं साफ यावं म्हणून. घळीत टाकलंय सगळं, माणूस पाठवून बघा."

"बरं," ते म्हणाले, हट्टी मुलाला म्हणावं तसं.

बाबा माझ्याकडे वळले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "कशानं तोडलं?"

"कात्रीनं."

"लोखंडाच्या?"

"हो."

त्यांनी फोटो टेबलावर उलटा ठेवला. साहेबांनी लिहायला सुरुवात केली आणि रिवाजाप्रमाणे लिहिलेलं वाचून दाखवलं. सदर प्राण्याचे अस्तित्व छायाचित्रांवरून सिद्ध होत नाही. ग्रामस्थांकडून सदर जागेत तोड सुरू असल्याचे अर्जदारांनीच सादर केलेल्या छायाचित्रावरून दिसून येते. मी म्हणाले, माझं म्हणणं त्यात लिहा. त्यांनी लिहिलं: अर्जदारांच्या प्रतिनिधीने तोडीची जबाबदारी स्वीकारण्याची तयारी दर्शवली. मी म्हणाले, तयारी नाही, मी केलंय. ते म्हणाले, तेच लिहिलंय.

आयुष्यभर मी शब्दांवर विश्वास ठेवला होता. त्या दिवशी मी खरं बोलत होते, मराठीत बोलत होते, समोरचा माणूस ऐकत होता आणि लिहूनही घेत होता, आणि त्याचा काहीही उपयोग होत नव्हता.

वकील वर दाद मागू म्हणाले. ती मागितली, आणि काही महिन्यांनी तीही फेटाळली गेली, याच कागदावर बोट ठेवून. पण तो दिवस संपला तो बसस्टँडवर. मी बाबांच्या शेजारी बाकावर बसले होते आणि ते मला काहीतरी बोलतील याची वाट बघत होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पेठची गाडी लागली तेव्हा ते उठले.

"रविवारी ये," म्हणाले. "सांगावं लागंल."

"कोणाला?"

"देवाला. रानातलं कोणी घेतलं तर ज्यानं घेतलं त्यानं सांगायचं, किती घेतलं ते. सगळ्यांम्होरं."

"दंड असतो का बाबा?"

"दंड कशाला? सांगायचं. किती तोडलंस?"

"मोजलं नाही."

"मंग मोजाया लागंल," म्हणाले आणि गाडीत चढले.

घरी वडिलांना सांगितलं. त्यांनी सवयीनं कोरा कागद पुढे ओढला, मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कागद परत ठेवून दिला.

रविवारी गेले. हद्दीच्या दगडांशी पाड्यातली पंचवीस-तीस माणसं होती. मी पिशवी, घड्याळ, केसांतल्या पिनासुद्धा काढून दगडाशी ठेवल्या. कोणी मला तोडून बोललं नाही. मावशी म्हणाली, "एवढी शिकलेली आन् मोजलं नाय व्हय?" आणि दोन बायका बरोबर घेऊन माझ्यासोबत उंबरापाशी आली.

आम्ही उकिडव्या बसून बुडखे शोधायला लागलो. सापडलेल्या प्रत्येक बुडख्यावर एक खडा ठेवायचा. मला वाटत होतं तीस असतील, फार तर चाळीस. पण वाळलेली पानं बाजूला केली की खाली आणखी निघायचे. कात्रीनं चिरडून पिळलेली टोकं मला लगेच ओळखू यायची. एका मोडक्या फांदीवर मी खडा ठेवला तर एक बाई म्हणाली, "हे तुझं न्हाय. हे माकडाचं. त्याचं तो सांगंल." बाकीच्या हसल्या. मीही हसले असेन. मग पुन्हा मोजायला लागलो. दुपार होत आली तेव्हा मावशीनं खडे ओच्यात गोळा केले आणि दोनदा मोजले. एकशे सत्तावीस.

परत येताना वाटेत बघितलं तर मोठ्या झाडांवर, माणसाच्या छातीच्या उंचीला, चुन्यानं आकडे लिहिले होते. रस्त्यासाठी तोडायची झाडं मोजणारी माणसं शुक्रवारी येऊन गेली होती. आंब्यावर एकोणीस होता, बेहड्यावर वीस.

देव म्हणजे एक दगड, त्याला नाकडोळे नव्हते. बाबांनी खडे त्याच्यापुढे ओतले आणि मला पुढे केलं. मी देव मानत नव्हते, आजही मानत नाही. मी हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाले, "एकशे सत्तावीस. मी तोडले."

"कशापायी ते बी सांग," बाबा म्हणाले.

"फोटोसाठी."

मागून एक म्हातारा म्हणाला, "फोटू म्हंजी देवाला काय कळणार?"

"कळंल," बाबा म्हणाले.

मग मावशीबरोबरच्या बायकांपैकी एकीनं, तिला काही खोचक बोलायचं होतं असं मला वाटलं नाही, विचारलं, "त्या चुन्याच्या आकड्यांचं कोण सांगायचं?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग झाडांकडे बघितलं. ऊन डोक्यावर आलं होतं. बायकांनी हंडे उचलले आणि एकामागून एक झिऱ्याकडे उतरायला लागल्या. मावशीनं एक हंडा माझ्या हातात दिला, आणि मीही उतरले.